लांब आणि पिंजारणारे केस: घरच्या घरी काळजी कशी घ्यायची

केस खांद्याखाली किंवा कंबरेपर्यंत पोचलेत, धुतले की भुरभुर उडतात, भांगाच्या दोन्ही बाजूंना छोटे केस उभे राहतात. घरून नीट विंचरून निघालेलं डोकं दमट हवेत स्टेशनवर पोचेपर्यंत पार पिंजारलेलं दिसतं आणि घरी कुणीतरी ‘काय हा अवतार, बांध त्या झिपऱ्या’ म्हणतंच. हा लेख अशांसाठी आहे. बाजारात या त्रासावर ढिगानं बाटल्या मिळतात. त्यातल्या बहुतेक न घेताही पुष्कळ फरक पडतो, कारण केस सगळ्यात जास्त पिंजारतात ते धुतल्यापासून वाळेपर्यंतच्या वेळात, टॉवेल, कंगवा आणि पंखा यांच्या तावडीत सापडून. तेवढा वेळ सांभाळता आला की बाकीचं सोपं आहे.

आधी हे होतं कशामुळे ते बघू. केसाच्या बाहेरच्या थरावर सूक्ष्म खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले, तोंडं केसाच्या टोकाकडे. ते नीट बसलेले असले की केस गुळगुळीत लागतो आणि चमकतो. घासणं, ऊन, रंग, स्ट्रेटनरची उष्णता यांनी खवले उचकटतात, काही झडतात, आणि आत पाणी सहज शिरू लागतं. आतला भाग केराटिन या प्रथिनाचा. केस भिजला की त्याला आकार देणारे हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना, केस ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत, पुन्हा जुळतात. दमट हवेत हेच थोडंथोडं दिवसभर चालू राहतं. केस हवेतली वाफ शोषतो, फुगतो आणि प्रत्येक केस आपापल्या दिशेनं वळतो. म्हणून मुंबई-रत्नागिरीचा जुलै आणि नागपूरचा मे हे दोन वेगळे त्रास आहेत. पहिल्यात केस फुगतात, दुसऱ्यात कोरडे, राठ होऊन उडतात.

लांब केसांची आणखी एक गोष्ट असते. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटीमीटर लांब केसाचं टोक चार-पाच वर्षांचं जुनं असतं. टाळूजवळचा केस ताजा आणि थोडा तेलकट, टोक मात्र इतक्या वर्षांचं ऊन आणि कंगवे सोसलेलं. त्यामुळे टाळूला जे चालतं ते टोकांना चालत नाही. पुढे जागोजागी ‘टाळूला हे, लांबीला ते’ असं जे येईल, ते यासाठी.

आधी केसांची जात ओळखा

एका सुट्टीच्या दिवशी केस धुवा, कंडिशनर लावून त्यातच गुंता काढा, मग पाणी निथळू द्या आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. विंचरायचं नाही, बांधायचं नाही. वाळल्यावर आरशात बघा. बटा नागमोडी वळल्या असतील, तर तुमचे केस मुळात सरळ नाहीत. लहानपणापासून तेल चोपडून घट्ट दोन वेण्या घातलेल्या मुलीला हे तिशीत कळतं, असं पुष्कळदा होतं. नागमोडी केस कोरडे असताना विंचरले की एकत्र वळलेली बट सुटते आणि शंभर वेगवेगळे केस उभे राहतात. आपण ज्याला फ्रिझ म्हणतो त्यातला मोठा भाग हा असा कंगव्यानं तयार केलेला असतो.

केस सरळच निघाले आणि तरी पिंजारत असतील, तर कारण बहुधा तुटकेपणात आहे. भांगाजवळचे छोटे उभे केस बोटांत धरून उजेडात बघा. टोक निमुळतं असेल तर तो नव्यानं उगवलेला केस आहे, त्याची काळजी नको. टोक बोथट किंवा फाटे फुटलेलं असेल तर तो मधूनच तुटलाय. रोज एकाच जागी घट्ट रबरबँड लावणाऱ्यांच्या डोक्यावर असे केस हमखास सापडतात.

पाणी तपासा

मुंबई महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा या धरणांमधून येतं आणि ते मऊ असतं. बोअरवेल किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांचं तसं नसतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता (म्हणजे जडपणा) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी कधीकधी त्याच्याही पुढे जातं. घरी अंदाज घ्यायचा तर बाटलीत थोडं पाणी घेऊन त्यात अंगाच्या साबणाचा कीस टाका आणि जोरात हलवा. फेस न येता दह्यासारखा साका आला तर पाणी जड आहे. नळाच्या तोटीवर पांढरे थर दिसत असतील तर एवढंही करायची गरज नाही.

जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम केसावर बसतं आणि केस धुऊनही खरखरीत लागतात. उपाय साधा आहे. शेवटचे दोन-तीन तांबे पिण्याच्या फिल्टरमधल्या पाण्याचे घ्या. (फिल्टर आरओचा हवा.) शिवाय महिन्यातून एकदा, घटकांच्या यादीत ईडीटीए (हे क्षार धरून काढणारं द्रव्य) असलेला, खोल सफाईचा शाम्पू वापरा. शॉवरला लावायचे छोटे फिल्टर बहुतेक करून क्लोरीन कमी करतात. जडपणा काढायला मिठावर चालणारं सॉफ्टनर लागतं, ते या चिमुकल्या डब्यात मावत नाही. विकणारा काहीही सांगो.

सामान

सौम्य शाम्पू, कंडिशनर, जाड दातांचा कंगवा, खोबरेल तेल, जुना सुती टी-शर्ट किंवा पंचा, आणि जमलं तर जेल. बस. लांब केसांना कंडिशनर शाम्पूच्या दुपटीनं लागतं, तेव्हा महागातली छोटी बाटली घेऊन थेंबथेंब पुरवण्यापेक्षा साधं कंडिशनर मोठ्या बाटलीत घ्या आणि सढळ हातानं लावा. सगळं एकदम बदलू नका. पहिले काही वेळा फक्त टॉवेल आणि कंगवा बदला, मग कंडिशनर, मग जेल. नाहीतर नेमका कशानं फरक पडला ते कळत नाही.

धुण्याआधी: तेल

खोबरेल तेलाबद्दल आजी सांगायची ते बरंचसं खरं निघालं. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. त्यात केसातल्या प्रथिनांची झीज कमी करणारं एकटं खोबरेल निघालं. कंपनी खोबरेलच विकते हे लक्षात ठेवूनही त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं असल्यानं केसाच्या आत शिरतं. तेल आत असलं की धुताना केस पाणी कमी पितो आणि कमी फुगतो.

म्हणून तेल धुण्याआधी लावायचं, आदल्या रात्री किंवा निदान तासभर आधी, आणि मुख्यतः लांबीला. दोन-तीन चमचे पुरतात. चिप्प करायची गरज नाही, कारण जादा तेल काढायला जादा शाम्पू लागतो आणि मग सगळं मुसळ केरात. थंडीत गोठलेली बाटली गरम पाण्यात उभी करा, गॅसवर ठेवू नका. डोक्यात कोंडा असेल तर टाळूला तेल लावू नका. कोंड्यामागची मॅलॅसेझिया ही बुरशी तेलावरच जगते, तेव्हा ‘टाळू कोरडी पडली म्हणून कोंडा, म्हणून तेल’ हा हिशोब उलटा पडतो.

एरंडेल मात्र लांब केसांपासून लांबच ठेवा. ते फार चिकट असतं. ते लावून धुतल्यावर केसांची न सुटणारी जट झाल्याची आणि शेवटी केस कापावे लागल्याची नोंद भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी केलेली आहे.

लिंबू, खायचा सोडा, अंडं यांच्या फंदात पडू नका. सोडा अल्कधर्मी असतो, त्यानं खवले उघडतात. अंड्यातलं प्रथिन केसात शिरण्याएवढं लहान नसतं, वास मात्र दोन दिवस राहतो. दह्यानं नुकसान नाही, पण कंडिशनर जे करतं त्याहून जास्त तेही काही करत नाही.

धुताना

आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. घाम फार येत असेल तर जास्त. आधी कोरडे केस बोटांनी मोकळे करून मगच पाणी घ्या.

बादली-तांब्यानं न्हाणारे बहुतेक जण खाली वाकतात, केस सगळे पुढे घेतात आणि दोन्ही हातांनी खसखसून चोळतात. लांब केसांचा गुंता इथेच सुरू होतो. पाटावर किंवा स्टुलावर सरळ बसा, केस पाठीवर सोडा आणि पाणी कपाळाकडून मागे जाऊ द्या. शाम्पू तांब्यात थोड्या पाण्यात कालवून घ्या, म्हणजे एकाच जागी गोळा पडत नाही. तो फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी लावा, नखं नकोत. लांबीला वेगळा शाम्पू लावायचा नाही. डोक्यावरून खाली ओघळणारा फेस तिला पुरतो. तेल होतं म्हणून दुसऱ्यांदा शाम्पू घ्यायचा असेल तर तोही टाळूलाच. केस डोक्यावर गोळा करून चोळायचं तर अजिबात नाही.

शिकेकाई वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. शिकेकाई आणि रिठा दोन्हींत सॅपोनिन असतं, त्यामुळे फेस आणि सफाई होते. अडचण असते ती जाडसर भुकटीची, जी लांब केसांत अडकते आणि घासते. त्यापेक्षा शेंगा रात्री भिजत घाला, सकाळी उकळा, कुस्करून फडक्यातून गाळा आणि ते पाणी वापरा. त्यानंतर कंडिशनर लावलं तर काही बिघडत नाही. ‘नैसर्गिक आहे ना, मग कंडिशनर कशाला’ या हट्टापायी केस राठ करून घेणारे पुष्कळ भेटतात.

कंडिशनर आणि गुंता

हा टप्पा घाईनं करायचा नाही. खराब झालेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि कंडिशनरमधल्या रेणूंवर धन, म्हणून ते नेमके जिथे हवेत तिथेच चिकटतात.

शाम्पू धुऊन झाला की केस हलक्या हातानं पिळून घ्या, नाहीतर कंडिशनर पाण्याबरोबर वाहून जातं. मग केस दोन भागांत पुढे घ्या आणि कानाच्या पातळीपासून खाली लावा, टोकांना सर्वांत जास्त. तळव्यांमध्ये बट धरून वरून खाली सरकवा. बट बुळबुळीत लागेपर्यंत आणखी घ्या. आता जाड दातांचा कंगवा. डाव्या मुठीत बट घट्ट धरा, मुठीखाली चार बोटं केस सोडा आणि फक्त तेवढेच विंचरा. ते मोकळे झाले की मूठ वर सरकवा, पुन्हा तेवढेच. मुठीमुळे ओढ टाळूपर्यंत पोचत नाही. मध्येच ‘कर्र’ असा आवाज आला तर थांबा, त्या गाठीला आणखी थोडं कंडिशनर लावा आणि ती बोटांनी सोडवा. ओला केस ताणला की लांबतो आणि कोरड्यापेक्षा लवकर तुटतो, म्हणून ओल्या केसांत कंगवा घालायची वेळ ही एवढीच, कंडिशनर असतानाची. दोन-तीन मिनिटांनी धुवा, पण टोकांना किंचित निसरडेपणा राहू द्या.

शेवटी गार पाणी घेतलं की खवले बंद होतात असं म्हणतात. त्यात फारसा दम नाही. ते काम कंडिशनरचा आम्लपणा करतो. पाणी कडकडीत नसलं की झालं.

घटक वाचताना सिटिल किंवा सिटीअरिल अल्कोहोल दिसलं तर घाबरू नका, ती मऊपणा आणणारी स्निग्ध द्रव्यं आहेत. डायमेथिकोन हे सिलिकॉन. तेही विष नाही, उलट दमट हवेत पाणी बाहेर ठेवतं. त्याचा थर साचून केस जड वाटू लागले की एकदा जरा कडक शाम्पूनं धुतलं की संपलं.

वाळताना

आपल्याकडे न्हाऊन आलं की मान वाकवून, टॉवेलची दोरी करून केसांवर फटके मारायची पद्धत आहे. फट् फट् आवाज येतो, तुषार उडतात, केस लवकर वाळल्यासारखे वाटतात. तेवढ्यात टॉवेलचे फासे ओल्या, फुगलेल्या केसाचे खवले उचकटून मोकळे होतात. ही एक सवय सोडलीत तरी पुढचं अर्धं वाचायची गरज उरणार नाही.

पातळ सुती पंचा घ्या. टर्किश टॉवेलच्या आधी घरोघरी होता तोच. केस खालून वर मुठीत घेऊन पंच्यातून दाबा, पाणी टिपा, चोळू नका. थेंब ठिबकायचे थांबले पण केस अजून चांगले ओले आहेत, अशा वेळी जेल लावायचं. वाळल्यावर लावलेलं सिरम उडालेले केस खाली बसवतं खरं, पण ओल्यात लावलेलं जेल त्यांना उडूच देत नाही.

जेल घरी होतं. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी. चटणीसाठी आणलेले जवस चालतात, फक्त भाजलेले नकोत. मध्यम आचेवर सतत ढवळा, नाहीतर बिया तळाला धरतात. सात-दहा मिनिटांत पाणी दाटतं. चमचा उचलल्यावर तार सुटू लागली की लगेच बंद करा आणि गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळा. गार झालं की ते फडक्यातून उतरत नाही, कितीही पिळा. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. जास्त झालं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि दर वेळी एक-दोन खडे काढा. वास बदलला तर टाकून द्या.

सरळ केसांना जेल तळव्यांमधून वरून खाली लावा. नागमोडी केसांना तसंच लावून मग टोकं मुठीत घेऊन वरच्या दिशेनं दाबा. आता हात बांधून बसा. केस वाळताना कडक होतील, हात लावला की करकरतील. ते बरोबर आहे. पूर्ण वाळल्यावर तळव्याला खोबरेलचे दोन थेंब चोळून केस हलकेच दाबा. कडकपणा जातो, बांधणी राहते.

लांब, दाट केस पावसाळ्यात अर्धा दिवस वाळत नाहीत, म्हणून धुवायचे ते सकाळी. ड्रायर वापरायचा तर मध्यम उष्णतेवर, वीतभर लांबून, सतत हलवत आणि ड्रायरचं तोंड खाली करून, म्हणजे वारा खवल्यांच्या दिशेनं वाहतो. ओल्या केसांची वेणी किंवा अंबाडा घालून बाहेर पडू नका. आत ओल राहते, कुबट वास येतो, आणि ओला केस ताणलेला राहतो तो वेगळाच.

मधले दिवस

नागमोडी केस रोज कोरडे विंचरू नका. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि चमचाभर कंडिशनर घालून ते शिंपडा आणि बोटांनी सोडवा. बांधायला कापडी स्क्रंची किंवा क्लचर, बारीक रबरबँड नको. बांधायची जागा बदलत राहा.

दुचाकीवर जाणाऱ्यांनी मानेपाशी सैल वेणी घालून ती कपड्याच्या आत टाकावी आणि हेल्मेटखाली पातळ, गुळगुळीत कापड बांधावं. पुण्यातल्या मुली धुळीसाठी स्कार्फ बांधतातच, तो जाड सुतीऐवजी सॅटिनचा घेतला की दोन्ही कामं होतात. झोपताना सैल वेणी आणि सॅटिनचा अभ्रा. विरलेली रेशमी साडी घरात असेल तर तिचा अभ्रा शिवा, विकतचा लागत नाही.

पावसाळ्यात ग्लिसरीन किंवा मध यादीत वर असलेली लीव्ह-इन (न धुता केसांत ठेवायची) क्रीम बाजूला ठेवा. ती हवेतलं पाणी ओढून घेतात आणि केस फुगवतात. तेव्हा जवसाचं जेल आणि वर सिलिकॉनचं सिरम ही जोडी बरी.

कात्री, पार्लर, डॉक्टर

कापल्यानं केस भरभर वाढत नाहीत, वाढ मुळाशी होते. पण फुटलेला फाटा वर चढत जातो, म्हणून तीन-चार महिन्यांनी टोकं कापा. मधल्या काळात खिडकीजवळ बसून एकेक बट पिळायची, बाहेर आलेले फाटे अर्धा सेंटीमीटर वरून कापायचे. कात्री केसांचीच हवी. दुधाच्या पिशव्या कापणारी बोथट कात्री नवे फाटे तयार करते.

पार्लरमध्ये ‘केराटिन’ म्हणून जे करतात त्यातली बरीच द्रव्यं तापल्यावर फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू सोडतात. डोळे चुरचुरले, घसा धरला तर ते तेच. घटकांची यादी मागा. दाखवायला टाळाटाळ केली तर उठून या. गरोदरपणात ते नकोच.

दिवसाला ५० ते १०० केस गळणं सर्वसाधारण आहे. लांब केसांचा पुंजका मोठा दिसतो म्हणून जीव वरखाली होतो, एवढंच. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी गळती वाढते आणि बहुधा आपोआप थांबते. पण भांग रुंद होत चालला, चकत्या पडल्या, किंवा थकवाही सोबत असला तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. जाताना डोक्याला तेल लावून जाऊ नका, त्यांना टाळू स्वच्छ दिसावी लागते.